पाणी भेटीला आलं

"मला घाई नाही."

लझर कुठेही गेला तरी आधी हेच म्हणायचा. बागेच्या काठावर फटफटी उभी करायची, जोडे काढून बाजूला ठेवायचे, वाळूत मांडी घालायची, आणि समोरचा माणूस म्हणाला, "थांब जरा, हातातलं उरकतो," की म्हणायचं, "उरका की. मला घाई नाही." मग त्या माणसाचं काम उरकायचं, चहा व्हायचा, दुसरा व्हायचा, आणि तिसरा पेला हातात येईपर्यंत त्याच्या पोटात साठलेलं सगळं बाहेर आलेलं असायचं. लझर मान खाली घालून लिहीत असायचा.

शेतकऱ्यांचं एक पाक्षिक निघायचं तेव्हा तालुक्याहून. चार पानं, शाई हाताला लागायची. आम्ही ते मसऊद न्हाव्याच्या दुकानात वाचायचो. वाचायचो म्हणजे एकाने वाचायचं आणि अर्धी दाढी झालेल्यांनी, न झालेल्यांनी ऐकायचं. लझरचं लिखाण आलं की मसऊद वस्तरा खाली ठेवायचा, कारण एकदा हसता हसता त्याने एकाचा कान कापला होता. कुठल्याशा गावच्या म्हातारीने झाडांच्या किडीवर मिळणाऱ्या गंधकाच्या भुकटीत राखच जास्त आहे म्हणून कचेरीला घातलेल्या शिव्या लझरने जशाच्या तशा छापल्या होत्या. पुढच्या खेपेला गंधक पिवळंधमक आलं. तेव्हापासून लोक झाडाला कीड लागली तर कचेरीत जायचे नाहीत, लझरची वाट बघायचे.

तो आमच्याच बीर सल्मा गावचा. त्याचा बाप अमारा वाळू उपसणारा मजूर होता. आमच्याकडे बाग वर नसते, खाली असते. पणजोबाने वाळू उपसत उपसत खाली उतरायचं, ओलीपाशी पोचायचं, तिथे खजुरीचा फुटवा लावायचा. त्या झाडाला मग जन्मभर कुणी पाणी घालत नाही, ते आपल्या पायांनी पितं. माणसाने वाळू तेवढी उपसायची. वारा ती रोज आत टाकतो, माणूस रोज पाटीत भरून उतार चढतो आणि काठावर नेऊन ओततो. अशा बागेला आम्ही गूत म्हणतो. परका माणूस वाळूतून नुसते शेंडे बघतो आणि त्याला वाटतं, झुडपं आहेत. काठावर येऊन खाली डोकावलं की त्याचा आ वासतो. आम्ही काही बोलत नाही. वासू देतो.

अमारा ज्या बागेत वाळू उपसायचा ती हम्माची. अमारा तापाने गेला, बायको त्याच्या आधीच गेली होती, आणि हम्मा-तुरकियाला मूलबाळ नव्हतं. हम्माने पोराचा हात धरला आणि घरी आणलं. तुरकियाने विचारलं, "हा किती खाईल?" हम्मा म्हणाला, "खाईल तेवढं." एवढ्यावर ते प्रकरण मिटलं. लझर त्यांच्यापाशी वाढला, त्यांच्या झाडांवर चढला, मदरशात अक्षरं शिकला. हम्माला अक्षर येत नसे. कचेरीला काही लिहायचं असलं की हम्मा सांगायचा आणि लझर लिहायचा. त्याच्या लिहिण्याची सुरुवात तिथली. तो स्वतः हे सगळ्यांना सांगायचा.

आता पाण्याचं सांगतो.

आमच्या बायका विहिरीवरून पाणी आणायच्या. विहीर लांब, दोर लांब, आणि वाळूत पाय रुततो. लझरने त्यावर लिहायला घेतलं. एका पंधरवड्याला लिहिलं, पुढच्या पंधरवड्याला लिहिलं, लिहीतच राहिला. रेडिओवर बोलला. तुरकियाचे तळहात कसे झालेत ते त्याने सांगितलं तेव्हा तुरकिया घरात बसून ऐकत होती. तिने रेडिओलाच दम दिला, "माझे हात काय गावाला दाखवतोस रे?" पण शेजारणी आल्या तेव्हा तिने तेच हात पुढे करून दाखवले.

शेवटी सरकारने गावाबाहेर यंत्र आणून जमिनीत फार खोल भोक पाडलं. पाणी आलं. कोमट, वाफाळतं, थोडं खारट, आणि न संपणारं. घराघरांत नळ आले. तुरकिया पहिले काही दिवस नळ नुसता सोडून बसायची, आवाज ऐकायला. कुणी म्हटलं, "अगं, वाया जातंय," तर म्हणायची, "जाऊ दे. माझ्या पाठीचं आहे ते."

वाया गेलेलं पाणी कुठे जायचं? वाळूत. धुण्याचं वाळूत, मोरीचं वाळूत. घरामागे एक खळगा केला की झालं, वाळू पिऊन टाकायची. हे कुणाला विचारावंसंही वाटलं नाही. लझरला नाही, इंजिनिअरला नाही, आम्हाला नाही. आमच्या पिढ्या पाण्यासाठी खाली गेल्या. पाणी खालून वर येईल आणि नको होईल, असं आमच्यात कधी कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

काही वर्षं गेली. हम्माची बाग गावात सगळ्यांत खोल. तिथली वाळू एका हिवाळ्यात काळपट झाली. मग पायाखाली पचपच करायला लागली. मग झाडांच्या बुंध्यांशी पाणी उभं राहिलं, स्वच्छ, आभाळ दिसेल असं. त्या साली घोस इतके लागले की टेकू द्यावे लागले.

हम्माने बकरं कापलं. सगळा गाव बागेत उतरला. म्हातारी माणसं त्या पाण्यात पाय बुडवून बसली आणि काहींना रडू आलं. लझर तालुक्याहून फोटोवाल्याला घेऊन आला. हम्माने विजार गुडघ्यापर्यंत दुमडली होती, ओंजळीत पाणी घेऊन तोंडावर मारत होता आणि तोंड उघडं टाकून हसत होता. पुढचा एक दात नव्हता, तोही फोटोत दिसत होता, म्हणजे नसलेला. वर लझरने मोठ्या अक्षरांत लिहिलं: पाणी आमच्या भेटीला आलं.

तो फोटो राजधानीत गेला. कॅलेंडरवर आला. शाळेच्या पुस्तकात आला असंही म्हणतात, मी पाहिलेलं नाही. त्याच्या मागोमाग लझरला बोलावणं आलं. मोठ्या बैठकीत तो बोलला, आणि बोलायला तो बसला की समोरचा विरघळायचा. त्याला समितीवर घेतलं. मग दुसऱ्या समितीवर. तो राजधानीत राहायला गेला, उत्तरेकडची बायको केली, आणि पुढे वाळवंटातल्या शेतीचं सगळं धोरण ज्या मंडळाकडे होतं त्याचा तो प्रमुख झाला. गावोगाव खोल विहिरी, घरोघर नळ. हे त्याने कागदावर आणलं, मंजूर करून घेतलं, फिरून फिरून राबवलं. प्रत्येक भाषणात तो हम्माची गोष्ट सांगायचा. आम्ही रेडिओला कान लावून बसायचो. "आपला लझर," म्हणायचो. मसऊदने तर ज्या जुन्या वस्तऱ्याने लझरची पहिली दाढी केली होती तो खुंटीला टांगून ठेवला होता. कुणाला हात लावू देत नसे.

तोवर इकडे पाणी चढत होतं.

आधी झाडांची खालची पानं पिवळी पडली. मग कच्चेच घोस गळाले. पाण्याला वास आला, वर तवंग आला, वेत उगवला. आणि एका संध्याकाळी आमच्या वाळवंटात बेडूक ओरडले. नमाजाला निघालेली माणसं रस्त्यात थांबली. बऱ्याच जणांनी तो आवाज पूर्वी ऐकलाच नव्हता. मसऊद म्हणाला, "घ्या. लझरने राजधानीहून वाजंत्री पाठवले."

हम्मा म्हणाला, "मी जाऊन त्याला सांगतो. त्याला माहीत नसेल."

तालुक्याला मंडळाची सभा होती. लझर येणार होता. हम्माने ठेवणीतला लोकरी झगा, आमचा बुर्नूस, काढला आणि सोबतीला मसऊदला घेतलं. त्या सभेत काय झालं ते मसऊदने पाहिलं, आम्हाला फार उशिरा, सगळं बाहेर आल्यावर सांगितलं. मोठं दालन, उंच टेबल, मधल्या खुर्चीत लझर. एकेकाने उठून बोलायचं. हम्मा उठला. त्याने सुरुवात केली ती त्याच्या रीतीने, म्हणजे आजोबाने बाग कशी खणली तिथून. लोक चुळबुळले. लझरच्या शेजारचा त्याच्या कानाला लागला. लझरने घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाला, "काका, हा विषय आज नाही. वेळ कमी आहे. तुम्ही लेखी द्या."

हम्मा म्हणाला, "बरं." आणि खाली बसला.

परतीच्या बसमध्ये तो मसऊदला म्हणाला, "गावात काही बोलायचं नाही. शपथ घे." मसऊदने घेतली. गावात उतरल्यावर लोक जमले. हम्मा म्हणाला, "भेटला. मला बघून खुर्चीतून उठला. गळ्यात पडला. म्हणाला, काका, बघतोच मी. जरा जाड झालाय." तुरकियाने विचारलं, "जेवलास का विचारलं का त्याने?" हम्मा म्हणाला, "ते तर पहिलं विचारलं."

मसऊद गप्प बसला. न्हाव्याने गोष्ट पोटात ठेवली असं आमच्या गावात त्याआधी घडलेलं नाही, त्यानंतरही नाही.

बागा मरत राहिल्या. डास आले, ताप आला. शेवटी वरून हुकूम निघाला की बुडालेल्या सगळ्या बागा वाळूने बुजवायच्या. आणि सुरुवात बीर सल्मापासून, कारण मंडळाचे प्रमुख तिथलेच, तेच येऊन उद्घाटन करतील. कचेरीचं म्हणणं असं की हा निसर्गाचा कोप आहे, गेल्या काही वर्षांत पाऊस फार झाला. आमच्याकडे पाऊस पडला तर माणसं त्या साली जन्मलेल्या पोरांना त्यावरून ओळखतात, इतका तो क्वचित. पण कचेरीने म्हटलं की पाऊस, तर पाऊस.

लझर आला. काळी गाडी, मागे जिल्ह्याच्या साहेबाची गाडी, त्यामागे वर्तमानपत्रवाल्यांची, आणि गावाबाहेर पिवळी यंत्रं. साहेबाला शाळेत बसवून लझर आधी हम्माच्या घरी गेला. आम्ही वडीलधारे होतो, मसऊद होता. हम्माने त्याला मिठी मारली. लझर खरंच जाड झाला होता. बसताना त्याने जोडे काढले, पण मांडी घालताना त्याला भिंतीचा आधार घ्यावा लागला.

हम्माने खजुराची थाळी पुढे ठेवली. आमच्यात पाहुण्यापुढे पहिली ठेवायची ती आपल्याच बागेची खजूर, मग ती कशी का असेना. दुसऱ्याच्या झाडाची ठेवणं म्हणजे घरात काही उरलं नाही असं दारावर लिहिणं. थाळीतली खजूर मोठी होती, चकचकीत होती. लझरने एक उचलली, बोटांत फिरवली. त्या बागेतल्या झाडाझाडावर तो चढलेला. त्याला कळलं. त्याचे कान लाल झाले ते मी पाहिलं. हम्मा त्याच्याकडे बघत होता, आणि आम्ही सगळे थाळीकडे.

लझरने ती तोंडात टाकली. चावली. म्हणाला, "तीच चव, काका. अगदी तीच."

"कसली तीच चव!" पडद्याआडून तुरकिया बोलली. "अरे मेल्या, राजधानीत जीभ पण विकून आलास काय? बाजारची आहे ती. मी आणवली. तुझ्या काकाच्या बागेत आता बेडूक पिकतात, ते ठेवू का थाळीत?"

"बाई, गप्प बस," हम्मा म्हणाला.

"गप्पच आहे इतकी वर्षं. तुम्ही पण गप्प, हा पण गप्प. आणि वर एकमेकांना खजूर भरवताय!"

हम्माची मान खाली गेली. लझरच्या गालात ती खजूर तशीच होती. गिळताही येईना, काढताही येईना. मसऊदने उगाच घसा खाकरला.

"काका, मला बाग बघायची आहे," लझर म्हणाला.

"पाहुण्याला कुणी मोरी दाखवतं का? चहा घे."

"मी पाहुणा आहे का?"

हम्मा उठला.

बागेच्या काठावर आम्ही थांबलो, लझर एकटा उतरला. चांगल्या बुटांनिशी उतरला. खाली काळं पाणी. त्यात बुंधे उभे, कमरेएवढ्या उंचीवर मिठाची पांढरी रेघ. शेंडे मानेत मोडल्यासारखे लोंबत होते. तो पाण्यात शिरला, घोट्यापर्यंत, मग पोटऱ्यांपर्यंत. एका बुंध्याला त्याने हात लावला तर साल हातात आली. फक्त उतारावरच्या कट्ट्यावर काही झाडं हिरवी होती, हम्माच्या बापाने सगळ्यांत शेवटी लावलेली.

"हे कधीपासून, काका?" त्याने खालून विचारलं.

"तू फोटो काढलास तेव्हापासून."

"मला कळवलं का नाहीत?"

बोलून गेला, आणि त्याचं त्यालाच आठवलं. आम्ही वरून बघत होतो. तो पाण्यात तसाच उभा राहिला, दोन्ही हात लोंबते, एखाद्या पोराला भर वर्गात चड्डी ओली झाल्यावर उभं करावं तसा. हम्मा वाळूकडे बघत होता. मसऊदने दुसरीकडे तोंड केलं. बाकीच्यांना हा प्रश्नच विचित्र वाटला. एकजण नावाआधी मानाचं 'सी' लावून म्हणालाही, "अहो सी लझर, हम्मा आला नव्हता का तुमच्याकडे? तुम्ही गळ्यात पडलात ना त्याच्या?"

लझरने वर पाहिलं. हम्माकडे पाहिलं.

तो वर आला तेव्हा हम्मा त्याला बाजूला घेऊन म्हणाला, "हे बघ. बुडालं ते बुडालं. पण कट्ट्यावरची ती झाडं जिवंत आहेत. चर खणून पाणी गावाबाहेर काढलं तर जगतील. तेवढ्या झाडांवर यंत्र घालू देऊ नकोस. मला दुसरं काही नको. तेवढं कर."

"करतो, काका. आज करतो. सगळ्यांसमोर करतो."

"सगळ्यांसमोर कशाला? नुसतं कर."

हे शेवटचं लझरने ऐकलं की नाही, मला सांगता यायचं नाही. तो तोवर चालायला लागला होता.

शाळेच्या अंगणात मंडप होता. विजारीचे पाय अजून ओले, तसाच तो उभा राहिला. कागद काढून वाचायला लागला. "गेल्या काही वर्षांतल्या अतिवृष्टीमुळे…" मागून मसऊद ओरडला, "छत्री आणायची राहिली बघा!" लोक हसले. साहेबाने डोळे वटारले. लझरने कागदाची घडी केली आणि खिशात घातली.

"पाऊस नाही," तो म्हणाला. "पाणी आपल्या नळांचं आहे. नळ मी आणले. वापरलेलं पाणी जाणार कुठे, हे मी एकदाही विचारलं नाही. इथे बिघडलं ते बघायला न येता मी तेच सगळ्या वाळवंटात करायला सांगितलं. पाणी वर आलं तेव्हा मी फोटो छापला आणि त्या फोटोवर माझी खुर्ची उभी राहिली. आजपासून जिथे एकही झाड जिवंत आहे त्या बागेत यंत्र उतरणार नाही. आधी चर, मग बाकीचं. हा माझा हुकूम आहे."

साहेब पांढरा पडला. लझर इथेच थांबला असता तर! पण त्याला थांबवेना. भरलेली मोरी फुटावी तसा तो बोलत सुटला.

"ज्या माणसाने मला वाढवलं तो माझ्याकडे हे सांगायला आला होता. भर सभेत आला होता. मी त्याला ओळखही दिली नाही धड. वेळ नाही म्हणालो. लेखी द्या म्हणालो, ज्याला लिहिता येत नाही त्याला! आणि तो गप्प खाली बसला. हम्मा काका, तुम्ही—"

"बस कर, लझर."

हम्मा उभा राहिला होता. सगळ्या गावाच्या माना त्याच्याकडे वळल्या. ज्यांना त्याने गळ्यात पडल्याचं सांगितलं होतं ती सगळी माणसं तिथे होती. बायकांच्या बाजूला तुरकिया होती. तिने तोंडावर ओढणीचा पदर धरला होता आणि डोळे मिटून घेतले होते.

"बस कर," हम्मा पुन्हा म्हणाला, हळू. आणि मंडपातून बाहेर पडला.

त्या भाषणाचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकतो. लझरची खुर्ची गेली, फार दिवस लागले नाहीत त्याला. पण तो हुकूम वर्तमानपत्रांत आला होता, त्यामुळे परत घेणं अवघड झालं. काही वर्षांनी चर खरंच खणला. आज गावाचं पाणी लांब खाऱ्या मैदानात जातं, बऱ्याच जणांच्या बागांमधली थोडीफार झाडं वाचली. लोक त्यांची खजूर पाहुण्यापुढे ठेवतात. ते पुण्य लझरच्या पदरात आहे, आणि ते मी नाकारत नाही.

पण त्या दिवशी दुपारी वर्तमानपत्रवाले कॅमेरे घेऊन हम्माच्या बागेकडे धावले. एकाने त्याला विचारलं, "आजोबा, त्या जुन्या फोटोत उभे होतात तिथेच जरा उभे राहता का? पाण्यात?"

हम्माने त्याच्याकडे बघितलं. "एकदा राहिलो तेवढं पुरे झालं, बाबा."

मग तो सरळ यंत्रांकडे गेला. पहिल्या यंत्रावर एक तरुण चालक भाकरी खात बसला होता. हम्मा त्याला म्हणाला, "चल. माझी बाग बुजव."

"पण आता हुकूम निघाला ना, आजोबा. जिवंत झाडं—"

"हुकूम त्यांचा. बाग माझी."

तेवढ्यात लझर धापा टाकत आला. "काका, काय करताय? ती वाचली! कट्ट्यावरची वाचली! तुम्हीच म्हणालात ना, तेवढं कर म्हणून?"

"म्हणालो होतो."

"मग?"

"आता ती झाडं बघायला माणसं येतील," हम्मा म्हणाला. "येतील आणि म्हणतील, ही सी लझरने वाचवलेली झाडं, आणि हा तो म्हातारा, ज्याला हाकललं होतं, आणि ज्याने घरी येऊन खोटं सांगितलं. जन्मभर मी त्यांच्या सावलीत बसून हे ऐकायचं?"

"मी खरं बोललो, काका. माझी चूक सांगितली."

"तुझी सांगायची ना! तुझी तू सांग, रोज सांग. माझी कशाला सांगितलीस? तू फोटो छापलास तेव्हा मला विचारलं नाहीस. आज बोललास तेव्हाही विचारलं नाहीस. एवढंच माझ्यापाशी होतं रे, की माझा पोरगा मला बघून खुर्चीतून उठला."

लझर यंत्रापुढे जाऊन उभा राहिला. हात पसरले नाहीत, नुसता उभा राहिला.

"बाजूला हो," हम्मा म्हणाला. रागाने नाही. वाळू उपसताना वाटेत आलेल्या पोराला म्हणायचा तसं.

लझर बाजूला झाला.

यंत्राने हम्माच्या आजोबाच्या काळापासून काठावर साचवलेली वाळू ढकलली. इतक्या पिढ्यांनी पाट्या भरभरून वर आणलेली, अमाराने आणलेली, ती सगळी एका घसरणीत खाली गेली. काळं पाणी उसळलं. मग पुन्हा वाळू. कट्ट्यावरच्या झाडांशी वाळू पोचली तेव्हा चालकाने मागे वळून बघितलं. हम्माने हाताने खूण केली, चालू दे.

लझर तिथून निघाला. साहेबाची गाडी रस्त्याला उभी होती, दार उघडून धरलेलं होतं. तो गाडीजवळून गेला, पण बसला नाही. ओल्या बुटांनी वाळूतून डांबरी रस्त्यावर चढला आणि तालुक्याच्या दिशेने चालू लागला. आमच्याकडे निघालेल्या माणसाला वळणापर्यंत सोडायला जातात. कुणी उठलं नाही. मसऊद उठायला लागला होता, मग हम्माकडे बघून पुन्हा बसला. लझरने कोट काढून हातावर घेतला होता, त्याची पाठ घामाने काळी झाली होती, आणि चालताना तो थोडा एका बाजूला कलत होता.

चालकाने यंत्र थांबवलं आणि टपावर उभा राहून त्याच्याकडे बघत राहिला. साहेबाने पाहिलं, आम्ही पाहिलं. तुरकिया तोवर घरी पोचली होती. गच्चीच्या भिंतीला धरून ती रस्त्याकडे बघत होती, तो वळणाआड जाईपर्यंत आणि त्यानंतरही. हम्माने पाहिलं नाही. त्याची पाठ रस्त्याकडे होती. तो चालकाला विचारत होता, का थांबलास.